गाडीचं तोंड उजवीकडे

गोदामात तिला सगळे वहिनीच म्हणत. नवरा तिथल्याच टेंपोवर चालक; त्याला सगळे दादा म्हणायचे, मग त्याची बायको आपोआप वहिनी झाली. सोळा वर्षांत ते नाव असं काही चिकटलं, की हजेरीपट सोडला तर तिचं खरं नाव कुठे लिहिलेलं सापडलं नसतं. मालक वयाने तिच्या वडिलांएवढे, पण तेही काचेच्या खोलीतून हाक मारायचे ती हीच, "वहिनी, चार नंबरची गाडी भरली का?"

गाडी भरून घेणं हे वहिनीचं काम. ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय मोठंसं? खोकी उचलायची आणि आत टाकायची! असं म्हणणाऱ्याने एकदा सकाळचे दोन तास तिच्याशेजारी उभं राहून बघावं. टेंपोला दार एकच, मागचं. माल आठ दुकानांचा. जे दुकान सगळ्यांत शेवटी लागणार, त्याचा माल सगळ्यांत आधी आत जायचा, थेट केबिनला टेकून. जे पहिलं लागणार, त्याचा सगळ्यांत शेवटी, दाराशी. शिवाय जड खाली, हलकं वर. साबणाशेजारी बिस्किटं नकोत. काचेवर काही म्हणजे काही नको. वहिनी हातात यादी घेऊन उभी राहायची, यादी खालून वर वाचत जायची आणि नुसतं बोट दाखवायची. हमाल तिथे खोकं ठेवायचे आणि ते तिथे असं बसायचं, जणू ती जागा त्याच्यासाठीच राखून ठेवली होती. देव कुणाला गळा देतो, कुणाला हात देतो. वहिनीला त्याने जागा ओळखणारे डोळे दिले होते.

आणि या वहिनीला व्हायचं होतं वकील.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी भोंगाकाका नावाच्या जुन्या चालकावर माल फोडल्याचा आळ आला. गल्लीत शिरण्याआधी तीनदा भोंगा वाजवणारा सरळ माणूस. त्याला नोकरीवरून काढायची नोटीस निघाली. वहिनीने त्याच्या बाजूने चार पानी अर्ज लिहिला. कोणतं खोकं कुणी, कधी, कुठे ठेवलं आणि ते वाटेत फुटूच कसं शकत नव्हतं, हे तिने ओळीने मांडलं. अर्ज वाचून मालकांच्या वकिलीणबाई म्हणाल्या, "हा कुठल्या वकिलाकडून लिहून घेतला?" भोंगाकाका राहिले कामावर, पण ते वाक्य वहिनीच्या मनात जे शिरलं ते शिरलंच.

वकिलीचे वर्ग संध्याकाळी भरायचे आणि त्यांना प्रवेशपरीक्षा होती. तिचे तीन भाग. उतारा वाचून उत्तरं देणं, त्यात वहिनी पहिल्या रांगेतली. युक्तिवादातली चूक शोधणं, त्यातही ठीक. तिसरा भाग म्हणजे क्रम लावणे. सात माणसं रांगेत उभी आहेत, अमका तमक्याच्या आधी आहे, ढमका टोकाला नाही, तर तिसरा कोण? असे चोवीस प्रश्न, आणि त्यांतले पंधरा बरोबर यायलाच हवेत. बाकीच्या भागांत कितीही मिळवा, इथे पंधरा नाहीत तर प्रवेश नाही.

वहिनी दोन वर्षं याच भागात आपटली होती. सोळा वर्षं क्रम लावणारी बाई क्रमातच नापास! गोदामात कुणी तोंडावर हसलं नाही, पण पाठीमागे हसल्याशिवाय राहिलं असेल का कुणी? आणि यंदा नाही तर कधीच नाही, कारण त्या वर्गाला वयाची अट होती चाळीस आणि वहिनीला एकोणचाळीस सरून पाच महिने झाले होते.

शेवटी तिने वन्संना गाठलं. वन्सं म्हणजे दादांची थोरली बहीण, शाळेत गणित शिकवणाऱ्या. मायाळू, पण जिभेला धार. सुटीच्या दिवशी सकाळी त्या आल्या, सराव परीक्षेचा पेपर वहिनीपुढे टाकला, घड्याळ लावून बसल्या आणि तपासून झाल्यावर बरोबरच्या खुणा दोनदा मोजल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "चोवीसपैकी दोन. हे तुला जमलं तरी कसं?"

"म्हणजे?"

"अगं, आमच्या शाळेतल्या मांजराच्या शेपटीला पेन्सिल बांधून कागदावर सोडलं, तरी चार-पाच बरोबर येतील."

"मग मांजरालाच न्या परीक्षेला. त्याला वयाची अटही नडणार नाही." वहिनीचं तोंड काही मागे हटणारं नव्हतं.

"थट्टा नाही करत मी." वन्संनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "काहीच न येणारा माणूस अंदाजाने चार-पाच मिळवतो. तू तेवढेही मिळवले नाहीस. इतकं सगळं चुकायला उत्तर माहीत असावं लागतं गं! आणि बरोबर आलेले दोन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत. 'मधोमध कोण?' मधला तेवढा तुला सापडतो. बस पुन्हा. मोठ्याने बोलत सोडव."

प्रश्न साधा होता. पाच रोगी एकामागून एक डॉक्टरांकडे जातात. गवंड्याच्या आधी दोघं, नंतर दोघं. शिंपी रंगाऱ्याच्या लगेच पाठोपाठ. सुतार सगळ्यांत शेवटी. उरला तो सोनार. क्रम लावा.

वहिनीने कागदावर एक लांबट चौकोन काढला. डाव्या टोकाला छोटी खोली काढली, खाली दोन चाकं.

"हे काय?"

"गाडी."

"प्रश्न दवाखान्याचा आहे!"

"असू दे. मला गाडीशिवाय दिसत नाही." आणि ती कामाला लागली. "सुतार शेवटी, म्हणजे केबिनला टेकून. गवंडी मधे. शिंपी न् रंगारी जोडीने येणार. केबिनकडे आता एकच जागा उरली, तिथे दोघं मावत नाहीत, म्हणजे जोडी दाराकडे. रंगारी आधी, म्हणून दाराशी, त्याच्या आत शिंपी. सोनाराला सुताराच्या शेजारची जागा. भरली गाडी!"

एक मिनिटसुद्धा लागलं नाही. वन्सं बघतच राहिल्या. मग वहिनीने डावीकडून वाचलं, सुतार, सोनार, गवंडी, शिंपी, रंगारी. पेपरातला बरोब्बर तसाच छापलेला पर्याय शोधला आणि त्यापुढे खूण केली.

"थांब. डॉक्टरांकडे पहिला कोण गेला?"

"रंगारी."

"मग खूण केलेल्या उत्तरात पहिला कोण आहे?"

"सुतार. पण वन्सं, रंगारी दाराशीच आहे की! दार उघडलं की पहिला तोच."

"अगं, पेपर तपासणाऱ्याला तुझं दार कुठून दिसणार? तो आपला डावीकडून वाचतो!" वन्संनी टेबलावर थाप मारली, कपातला चहा हिंदकळला, आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे दोन वर्षं तू सगळी उत्तरं बरोबर काढलीस आणि सगळी उलटी लिहिलीस. रांगेतला मधला मात्र उलटी केली तरी मधेच राहतो, म्हणून तेवढे मिळाले! आणि पेपर काढणाराही वस्ताद. उलटा पर्याय मुद्दाम ठेवून देतो, आणि तू दर खेपेला त्याच्या पाटावर जाऊन बसतेस."

वहिनीला हसावं की रडावं कळेना. मग तीही हसली. दोन वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तशी हसली.

पण रोग सापडला म्हणजे औषध सापडलं असं नाही. वन्संनी फर्मान काढलं, गाडी काढायची नाही. सरळ एक, दोन, तीन आकडे मांडायचे आणि त्यांखाली नावं लिहायची. वहिनीने आठ दिवस तसं केलं. आकडे तिच्याकडे बघायचे, ती आकड्यांकडे बघायची. दोघांची ओळखच पटेना. आठव्या दिवशी चोवीसपैकी सात.

"वन्सं, नाही होणार माझ्याने," ती पेन्सिल ठेवत म्हणाली. "गाडी काढली की उलटं होतं, नाही काढली की काहीच होत नाही. देवाच्या मनात नसेल."

"देवाच्या नावावर ढकलू नकोस. त्याने डोकं दिलंय ना, पुढचं आपण बघायचं."

दादा कोपऱ्यात बसून बुटाला पॉलिश करत होते. हा माणूस दिवसाकाठी वीस वाक्यं बोलायचा आणि त्यांतली पंधरा टेंपोशी. मान वर न करता ते म्हणाले, "तोंड फिरव ना गाडीचं."

"काय?" दोघी एकदमच म्हणाल्या.

"गाडीचं तोंड डावीकडे काढतेस. ते उजवीकडे काढ. मग दार आपोआप डावीकडे येतं. तू भर तुझ्या पद्धतीने, वाचणारा वाचेल त्याच्या पद्धतीने." आणि ते दुसऱ्या बुटाकडे वळले.

मग वन्सं उठल्या आणि भावाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "जन्मात पहिल्यांदा शहाण्यासारखं बोललास रे!"

"आई गं! शहाण्यासारखं बोललं की मारतेस, म्हणून तर गप्प असतो."

त्या दिवशी वहिनीने उजवीकडे तोंड केलेली पहिली गाडी काढली. हात अडखळला, कारण सोळा वर्षांची सवय काय ऐकते अशी? पण केबिन एकदा उजव्या टोकाला बसली, की बाकीचं सगळं आपसूक जागेवर यायचं. चौदा. मग सतरा. मग एकवीस. रोज पहाटे देवापुढे हात जोडायची, मग तीन गाड्या कागदावर भरायची आणि मग खऱ्या गाड्या भरायला जायची. गोदामात हमालांनाही नाद लागला. "वहिनी, आज मी कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर?" असं विचारून ते ओळीने उभे राहायचे आणि वहिनी डोळे मिटून त्यांचा क्रम सांगायची.

परीक्षेचा दिवस उजाडला. मोठं सभागृह, दीड-दोनशे मुलंमुली, बहुतेक तिच्यापेक्षा निम्म्या वयाची. पहिले दोन भाग नीट गेले. तिसऱ्याला पस्तीस मिनिटं होती. चार संच, प्रत्येकात सहा प्रश्न. पहिला संच वक्त्यांचा, दुसरा घोड्यांचा. दोन्ही गाड्या भरून निघाल्या, वहिनीची पेन्सिल भरधाव. तिने पान उलटलं आणि हसूच फुटलं.

तिसरा संच टेंपोचा होता! खराखुरा टेंपो. मागे एकच दार, सहा दुकानांचा माल.

तिने वाचायला सुरुवात केली, आणि हळूहळू हसू मावळलं. तिथे लिहिलं होतं, 'ज्या क्रमाने दुकानांना माल पोचवायचा आहे, त्याच क्रमाने तो गाडीत भरला जातो. काचेचा माल सर्वप्रथम भरला जातो.'

वहिनीने पुन्हा वाचलं. काच सगळ्यांत आधी भरायची, म्हणजे तळाशी, केबिनला टेकून. आणि पोचवायचीही सगळ्यांत आधी? मग पहिल्याच दुकानाशी बिचाऱ्या चालकाने पाच दुकानांचा माल रस्त्यावर उतरवायचा, काच काढायची, पुन्हा सगळा चढवायचा? दुसऱ्या दुकानाशी पुन्हा तेच? कोण हा मूर्ख भरणारा? तिला दादा दिसले, भर उन्हात खोक्यांच्या ढिगाजवळ उभे. भोंगाकाका दिसले, कंबर धरून. कुठे बाजूला दुसरं दार असेल का, म्हणून तिने प्रश्न तिसऱ्यांदा वाचला. नव्हतं. चार मिनिटं गेली, पाच गेली. पेन्सिल जागची हलेना. हात उंच वर गेला.

पर्यवेक्षक लगबगीने आले. "काय हवंय बाई?"

"साहेब, हा प्रश्न चुकीचा आहे."

"काय चुकलंय त्यात? छपाई?"

"छपाई नाही हो, भराई. अशी गाडी कुणी भरत नाही."

मागच्या बाकावरची मुलगी फिस्सकन हसली. पर्यवेक्षकांनी एकदा पेपराकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे. "तुम्ही परीक्षेला आलात की गाडी भरायला?"

"पण माल मोडेल ना!"

"बाई," ते खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "गाडी त्यांची आहे, मालही त्यांचाच आहे. मोडला तर त्यांचा मोडेल. तुम्ही दिलंय तसं धरून चला. चौदा मिनिटं राहिलीत."

चौदा! दोन संच, बारा प्रश्न, चौदा मिनिटं. वहिनीने डोळे मिटले, क्षणभर नाव घेतलं त्याचं, ज्याने एवढं मोठं जग मांडताना कुणाला विचारलं नव्हतं. त्याच्या मांडणीतलं तरी तिला कुठे सगळं पटलं होतं? तरी ती रोज उठून त्यातच चालत होती ना? मग हा तर एक कागदी टेंपो. पटणं वेगळं आणि पाळून दाखवणं वेगळं. तिने डोळे उघडले, केबिन उजवीकडे काढली आणि दात ओठ खात काच डाव्या टोकाला, दाराशी ठेवली. आधी भरा नाहीतर मग भरा, पोचायची पहिली म्हणून तिथे.

मग मात्र खोकी पटापट बसली. औषधं आणि खेळणी यांच्यामध्ये बरोबर दोन दुकानं. पुस्तकांपाठोपाठ लगेच कपडे. भांडी शेवटी नाहीत. म्हणजे भांड्यांना दुसरीच जागा. चौथी पुस्तकं, पाचवे कपडे. औषधं आणि खेळणी तिसऱ्या न् सहाव्या जागी, हवं तर आपसांत अदलाबदल करोत. सहाच्या सहा खुणा झाल्या. चौथ्या संचात तिसरी खूण झाली आणि घंटा वाजली.

बाहेर फाटकाशी वन्सं उभ्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "पर्यवेक्षकाला बोलावून घेतलंस? भर परीक्षेत? चुकीची गाडी भरली म्हणून?"

"तीन प्रश्न सुटले वन्सं. रागाच्या भरात."

"एकवीस सोडवलेस ना? पंधरा लागतात. गाडीचं तोंड?"

"उजवीकडे होतं. बहुतेक." वहिनी थबकली. "होतंच. हो ना, वन्सं?"

त्या 'बहुतेक'ने पुढचे वीस दिवस दोघींचा जीव खाल्ला. रस्त्यात, जेवताना, दात घासताना वहिनी एकेक गाडी मनात उभी करायची आणि तोंड कुणीकडे होतं ते आठवायची. जितकं आठवावं तितक्या गाड्या गरगर फिरायला लागायच्या. दादांनी एकदाच विचारलं, "रोज उजवीकडे तोंड असलेली गाडी त्या एकाच दिवशी डावीकडे कशी वळेल गं?" तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही, पण ते काही बोलले हेच पुष्कळ होतं.

एकविसाव्या दिवशी सकाळी चार नंबरची गाडी निम्मी भरली होती. फाटकातून वन्सं धावत आल्या. शाळा सोडून, हाताला खडू लागलेला, केस सुटलेले, एका हातात मोबाइल. आल्या आणि बोलताच येईना. दम लागलेला, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

हमाल खोकी हातात धरून उभे राहिले. भोंगाकाका गाडीतून उतरले. वहिनीचा चेहरा पांढरा पडला. "जाऊ दे वन्सं," तीच पुढे होऊन म्हणाली. "रडू नका. माझ्या नशिबात नव्हतं."

वन्संनी जोरजोरात मान हलवली. बोटं उंचावली, आधी दोन, मग मूठ मिटून पुन्हा उघडली, आणि काही केल्या आकडा जमेना. शेवटी मोबाइलच वहिनीच्या नाकासमोर धरला.

क्रम लावणे : २०. प्रवेश : पात्र.

"वीस?" वहिनी म्हणाली. "एकवीसपैकी वीस?"

"एक कुठे घालवलास ते आधी सांग," वन्संना एवढंच बोलता आलं आणि त्यांनी तिला मिठीच मारली.

मग जे झालं ते काय सांगावं! भोंगाकाका गाडीत चढले आणि भोंगा दाबून धरला तो सोडेचनात. हमालांनी साबणाची रिकामी खोकी बडवायला घेतली. मालक काचेच्या खोलीतून चिडून बाहेर आले, कारण ऐकलं आणि चिडायचं राहूनच गेलं, म्हणाले, "संध्याकाळच्या गाड्या कोण भरणार मग?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "बघू काहीतरी. दुपारीच भरून ठेवत जा, वहिनी. वकीलवहिनी."

दादा तेवढे शांत होते. त्यांची गाडी भरून झाल्यावर ते नेहमीसारखे तिच्याभोवती एक फेरी मारून आले, चाकं पाहिली, दार लावलं. वहिनीसमोर आले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यातून काही निघालंच नाही. नुसती मान हलवली, केबिनमध्ये चढले आणि निघून गेले. वहिनीला जरासं लागलं. असू दे, ती मनाशी म्हणाली, स्वभावच तसा.

पण दुपारी गोदामातला फोन वाजायला लागला. पहिल्या दुकानदाराचा. "वहिनी, अभिनंदन! दादांनी सांगितलं सगळं. तासभर बसले होते." मग दुसऱ्याचा. मग औषधवाल्याचा. "दादा आपल्या तोंडाने इतकं बोलतात हे आम्हाला आजच कळलं हो! परीक्षेतला तो टेंपो तर त्यांनी आमच्या गल्ल्यावर खडूने काढून दाखवला." आठही दुकानांतून आठ फोन. पाचपर्यंत यायची गाडी आठ वाजून गेले तेव्हा फाटकातून आत आली.

वहिनी कमरेवर हात ठेवून उभी होती. "अहो, तीन तास उशीर! लोकांचा माल अडकून पडला ना?"

दादा खाली उतरले. घसा बसलेला, चेहरा उजळलेला. "शेवटच्या दुकानदाराला नीट कळलंच नाही," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्याला दोनदा सांगावं लागलं."

वहिनी रागावणार होती. तिने तोंडही उघडलं होतं. पण दादांनी आठही खुणा झालेली यादी तिच्या हातात दिली, आणि कधी नव्हे ते चारचौघांत तिचा हात हातात घेऊन घराची वाट धरली. आणि वाटेत, पहिल्यापासून, सगळी गोष्ट तिलाच सांगायला सुरुवात केली.